फुकटचा सल्ला आणि एका दिवसाचा सौदा



समजा, उद्यां रेवदंड्याच्या बंदरावर कोणी अनोळखी गृहस्थ आला आणि “अमुक ठिकाणीं जाळें टाका, दुपारपर्यंत होडी भरेल,” असें दिसेल त्याला सांगत सुटला. आपल्याकडील कोळी त्याला प्रथम विचारील, “मग तूं स्वतः तेथें कां जात नाहींस?” सकाळीं शेअर घेऊन बाजार बंद होण्यापूर्वीं तो विकून टाकावयाचा, अशा एकदिवसीय सौद्यांचा सल्ला मोबाइलवरून वांटणारांना मात्र हा प्रश्न आपण विचारीत नाहीं.

सल्ला खरा ठरला म्हणजे सल्लागार जाणता ठरला, असें नव्हे. एकानें ८०० जणांना निरोप धाडला. निम्म्यांना कळविलें, भाव चढेल. निम्म्यांना कळविलें, उतरेल. ज्या ४०० जणांपुढें तो खरा ठरला, त्यांचे दुसऱ्या दिवशीं पुन्हां दोन भाग केले. तिसऱ्या दिवशीं तसेंच. अखेर १०० माणसांना त्याचें भाकीत लागोपाठ तीन वेळां खरें झालेलें दिसतें. उरलेल्या ७०० जणांची हकीकत त्यांना कधींच कळत नाहीं.

शिवाय, भाव चढेल असें सांगणारानें तो शेअर आधींच घेऊन ठेवलेला असूं शकतो. लहान कंपनीच्या शेअरवर चार लोक एकदम तुटून पडले कीं भाव चढतो, आणि तेवढ्यांत हा आपला माल त्यांच्याच गळ्यांत बांधून मोकळा होतो. दलाली व कर तर, नफा होवो वा तोटा, द्यावेच लागतात.

‘सेबी’नें जुलै २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २०२२-२३ सालीं असे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकीं सात तोट्यांत गेल्या. सरावानें हात बसतो म्हणावें, तर वर्षांत ५०० हून अधिक सौदे करणारांत तोटा सोसणारे ८० टक्के निघाले!

समोरच्या मुंबईनें हा धडा पूर्वींच घेतला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या मर्जीतली कंपनी म्हटली कीं लोक डोळे मिटून तिचे शेअर घेत. बॅक बे भरणीचे शेअर मूळ किंमतीच्या कितीतरी पटींनीं विकले गेले. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हां अनेकांचें दिवाळें वाजलें. खुद्द प्रेमचंदही त्यांतून सुटले नाहींत. आणि ते तर आपल्या नांवानिशीं, सर्वांच्या डोळ्यांसमोर व्यवहार करणारे गृहस्थ होते.

उरण-पनवेलकडे बंदरासाठीं आणि नव्या शहरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरीं मोबदल्याचा पैसा आला. तो पैसा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती. ती दुसऱ्यांदा विकतां येत नाहीं. म्हणून सल्लागाराचा ‘सेबी’कडील नोंदणी क्रमांक मागावा आणि तो ‘सेबी’च्या यादींत आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. नफ्याची हमी देणारास दाराबाहेरच ठेवावें. नोंदणी झालेल्या सल्लागारास तशी हमी देण्याची मनाईच आहे. आपल्या खात्याची किल्ली कोणाच्याहि हातीं देऊं नये.

आणि एवढें करूनहि मोह अनावर झाला, तर त्या कोळ्याचा प्रश्न एकवार मनांत म्हणावा.