अंगापेक्षा बोंगा मोठा का होतो?

छाती 31 इंच, कंबर 24 इंच, उंची पाच फूट दोन इंच. अशा अंगाची मुलगी परभणीच्या बाजारात कुर्ता घ्यायला गेली, की काउंटरपलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "ताई, तुमच्यात स्मॉल निघत नाही. मीडियम घेऊन जा, फिटिंग करून देतो." हातात पडतो 38 छातीचा कुर्ता, म्हणजे अंगापेक्षा सात इंच मोठा. त्यातले दोन-तीन इंच श्वासाला आणि हालचालीला लागतातच. उरलेल्या चार इंचांचा काखेखाली झोळ पडतो. पुढच्या दुकानात तिलाच एका कंपनीचा 'स्मॉल' चपखल बसतो आणि दुसऱ्या कंपनीचा 'एक्सएस'सुद्धा ढगळ होतो. घरी आल्यावर आजी म्हणते, "जरा खात जा गं, म्हणजे कपडे बसतील."

आजीचं प्रेम मान्य, पण यात खाण्यापिण्याचा भाग थोडा. कपडा कापायच्या आधी आणि ठोक बाजारात गठ्ठा बांधताना जे ठरतं, त्यात लुकड्या अंगाचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही.

38 म्हणजे काय?

टॅगवरचा आकडा हे माप आहे असं आपण धरून चालतो. कशाचं माप, हे टॅग सांगेलच असं नाही. पुरुषांच्या साध्या रेडीमेड शर्टावर 38 लिहिलेलं असेल तर ते बहुधा छातीचे इंच असतात. ब्रँडेड फॉर्मल शर्टांवर मात्र 38, 39, 40, 42, 44 असे आकडे दिसतात. ते कॉलरचे असतात आणि तेही सेंटिमीटरमध्ये. 38 सेंटिमीटर म्हणजे साधारण 15 इंची गळा. मधे 39 दिसला की समजायचं, इथे छातीचा संबंध नाही. बारीक माणूस गळा बरोबर बसला म्हणून खूश होऊन शर्ट घेतो, आणि पँटमध्ये खोचल्यावर कमरेभोवती कापड फुगून येतं. कॉलरचं माप देऊन कंपनीने पोटाविषयी काहीच कबूल केलेलं नसतं.

मापाच्या बाबतीत सगळ्यात सरळ कपडा म्हणजे बनियन. 80, 85, 90, 95 : छाती, सेंटिमीटरमध्ये. 85चं बनियन अंगाला नीट बसत असेल तर छाती साडेतेहतीस इंच आहे, असं डोळे झाकून समजा. अशा छातीच्या माणसाला रेग्युलर फिटचा फॉर्मल शर्ट 38 कॉलरच्या खाली मिळत नसेल, तर त्या रॅकवर आपलं काही नाही, हे ट्रायल रूममध्ये न जाताच कळतं.

युरोपीय ब्रँडच्या बायकांच्या कपड्यांवरचा 34 इंचही नव्हे आणि सेंटिमीटरही नव्हे. तो नुसता क्रमांक आहे, आणि त्यामागची छाती असते साधारण आपल्या 32 इंचांच्या आसपास. आपल्या कुर्त्यावरचा 34 मात्र इंचच. चिनी पद्धतीचा टॅग याहून बोलका. 155/80A असं लिहिलेलं असेल तर उंची 155 सेंटिमीटर, छाती 80 सेंटिमीटर, आणि शेवटचं अक्षर छाती-कमरेतल्या फरकाचं. बऱ्याच परदेशी ब्रँडच्या टॅगच्या तळाशी, बारीक अक्षरात, हा आकडा सापडतो. वरचा एस किंवा एम सोडून आधी तोच वाचावा.

खरी मेख याहून पुढे आहे. 36 हा आकडा अंगाचा की कपड्याचा? काही कंपन्या '36 छातीच्या व्यक्तीसाठी' या अर्थाने 36 लिहितात आणि कुर्ता प्रत्यक्षात 38-39 इंच कापतात. काही कंपन्या कुर्ताच 36 इंच कापतात आणि तसंच लिहितात. दोघीही खोटं बोलत नाहीत, पण आपल्या 31 इंची मुलीला पहिलीचा कुर्ता लोंबतो आणि दुसरीचा थोड्या फिटिंगवर चालून जातो. ऑनलाइन विक्रीच्या तक्त्यात 'अंगाचं माप' आणि 'कपड्याचं माप' असे दोन वेगळे भाग पुष्कळदा असतात. आपण घाईत पहिलाच पाहतो.

कायदा काय म्हणतो? 2011 च्या वैधमापन नियमांत 2022 मध्ये दुरुस्ती झाली. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटिमीटरमधलं मापही असावं, असं त्यात आहे. एस म्हणजे किती सेंटिमीटर, हे मात्र कंपनीवरच सोडलेलं आहे.

1958 चा आठ, आजचा शून्य

अमेरिकेत 1939-40 मध्ये तिथल्या कृषी खात्याने जवळपास 15,000 बायकांची मापं घेतली, एकेकीची 59. त्या आकड्यांच्या आधारावर पुढे 1958 मध्ये बायकांच्या कपड्यांसाठी एक प्रमाण तक्ता निघाला. त्यात आठ नंबरचा कपडा होता 31 इंच छाती आणि साडेतेवीस इंच कमरेसाठी. म्हणजे आपल्या परभणीच्या मुलीला अर्धा इंच इकडेतिकडे करून तो बसला असता. तो तक्ता पाळणं कंपन्यांच्या मर्जीवर राहिलं आणि 1983 मध्ये तो मागे घेतला गेला.

मग कंपन्यांना रान मोकळं झालं. गिऱ्हाइकाला लहान आकडा आवडतो, हे त्यांनी ओळखलं. कपडा तोच ठेवायचा किंवा थोडा मोठा करायचा, पण नंबर कमी लिहायचा. वर्षानुवर्षं हे चालल्यावर मोठ्या अंगाच्या लोकांना आपण बारीक झाल्याचं समाधान मिळालं आणि मुळात बारीक असलेल्यांच्या पायाखालचे नंबर संपले. आठ नंबरवाल्या बाईला आता शून्याच्या घरात शोधावं लागतं. शून्यही पुरेना म्हणून डबल शून्य आलं, आणि 2014 मध्ये जे. क्रू या अमेरिकी कंपनीने ट्रिपल शून्य काढलं. तिथल्या लोकांनी त्यावर टीका केली, की हे बारीकपणाचं कौतुक आहे. मला ती टीका अर्धीच पटते. आकड्यांची चलनवाढ वरून झाली, तर तळाला नवी पायरी लागणारच.

आपल्याकडे जीन्सच्या बाबतीत हाच प्रकार आहे. टॅगवर 28 आणि टेप लावली तर 29 किंवा 30. खातरी करायची असेल तर बटण लावून जीन्स सपाट ठेवा, कमरपट्टा आडवा मोजा आणि दुप्पट करा.

कपडा आधी 'एम'चा कापला जातो

प्रत्येक मापाचा कपडा वेगळा, नव्याने आखला जातो अशी आपली समजूत असते. तसं नसतं. कंपनी एका मधल्या मापाचा नमुना करते, बहुधा मीडियमचा. तो एका ठरावीक मॉडेलच्या अंगावर बसवून बघते. मग त्या नमुन्याच्या कागदावरून वरची आणि खालची मापं काढली जातात. छाती पायरीमागे साधारण दोन इंच कमी, खांदा थोडासा कमी, उंची थोडीशी कमी. याला ग्रेडिंग म्हणतात.

मधल्या मापापासून एक-दोन पायऱ्या इकडेतिकडे हे छान चालतं. टोकाला गडबड होते. 31 छातीचं अंग म्हणजे 38 छातीच्या अंगाची छोटी प्रत नव्हे. बारीक माणसाची छाती कमी असली तरी हात लांब असू शकतात, खांद्याची हाडं रुंद असू शकतात. म्हणून एक्सएसचा शर्ट छातीला बसतो आणि बाही मनगटाच्या वर राहते, किंवा बाही बरोबर येते आणि मुंढा इतका खोल असतो की हात वर केला की अख्खा शर्ट वर चढतो. आता ब्रँडाब्रँडात फरक का, तर प्रत्येकाचा एम वेगळा. कॉलेजच्या मुलींना विकणारी कंपनी आपला एम बारीक अंगावर बेतते, संसारी बायकांना विकणारी भरल्या अंगावर. दोघींच्या एममध्ये दोन इंचांचा फरक असला, की खालच्या एक्सएसमध्येही तो तसाच उतरतो.

परभणीपर्यंत स्मॉल का पोचत नाही?

यात दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. ठोक बाजारात, विशेषतः सुरतच्या कुर्त्यांमध्ये, माल सुटा मिळत नाही, सेटमध्ये मिळतो. एका डिझाइनचा सेट म्हणजे पुष्कळदा चार नग : एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. "सेट फोडत नाही" हे तिथलं ठरलेलं उत्तर. एसपासून सुरू होणारा सेट मिळाला, तरी परभणी, गंगाखेड किंवा जिंतूरच्या दुकानदाराला एसचा नग नकोसा असतो. एल दोन दिवसांत जातो. एस मात्र दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत पडून राहिला तर तो डेड स्टॉक, आणि त्यात चारातल्या एका नगाचे पैसे अडकलेले. शिवाय मोठा कपडा लहान करून विकता येतो, लहान कपडा मोठा करता येत नाही. हा हिशोब चुकीचा नाही, फक्त त्याची किंमत बारीक गिऱ्हाईक मोजतं.

गंमत अशी, की हा जिल्हा कापसाचा. मानवत आणि सेलूच्या बाजारात कापूस येतो, सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि बाहेर जातात. परभणीच्या कृषी विद्यापीठात कापसावर संशोधन होतं, आणि तिथल्याच सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्र आणि परिधान हा विषय शिकवला जातो. मापं मात्र ठरतात सुरतेला, उल्हासनगरला, नाहीतर बंगळुरूच्या एखाद्या कार्यालयात.

मोजदाद कोणाची झाली?

भारतीय अंगांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने 2018 मध्ये 'इंडियासाइज' हा प्रकल्प जाहीर केला. 15 ते 65 वयाच्या 25,000 स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी योजना. ठिकाणं सहा शहरांची, आपल्या बाजूची मुंबई. कल्पना उत्तम आहे. शहरातलं अंग आणि पालम-सोनपेठकडचं अंग यांत फरक नसेल असं मात्र मला वाटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 18.7 टक्के बायकांचा बॉडी मास इंडेक्स 18.5 च्या खाली होता, महाराष्ट्रात 20.8 टक्क्यांचा. म्हणजे राज्यात पाचातली एक बाई शास्त्राच्या भाषेत कमी वजनाची. तरी सेट एमपासून सुरू होतो. कारण कंपनी माणसं मोजत नाही, गिऱ्हाइकं मोजते, आणि या पाचातल्या एकीच्या हातात अनेकदा ब्रँडेड कुर्त्याला लागणारे पैसे नसतात. ज्या मुली खाऊनपिऊन, धडधाकट असून शिडशिडीत आहेत, त्याही मग त्याच हिशोबात भरडल्या जातात.

मापाचा कुर्ता सोबत न्या

ब्लाउज शिवायला टाकताना आपल्याकडे बाई मापाचं ब्लाउज सोबत नेते. रेडीमेडसाठीही हेच करावं. अंगाला सगळ्यात छान बसणारा कुर्ता किंवा शर्ट पलंगावर सपाट पसरा. काखेच्या शिवणीपासून काखेच्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत दुसरं माप. बाही, उंची. चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि एस-एम-एल विसरून जा. दुकानात टेप मागितली की कोणी नाही म्हणत नाही.

लहान मुलांच्या विभागात जायला मोठी माणसं लाजतात. लाजू नये. चौदा-सोळा वर्षांच्या मुलांचा शर्ट बुटक्या आणि बारीक पुरुषाला पुष्कळदा ब्रँडच्या एक्सएसपेक्षा बरा बसतो, आणि स्वस्तही पडतो. उंच आणि बारीक असाल तर तिथे उपयोग नाही. बाही आणि उंची, दोन्ही तोकडी पडतात. मुलींच्या विभागातल्या टॉपला छातीचे टक्स नसतात, तेवढं बघावं.

'फ्री साइज'वर फार विसंबू नये. लेगिंगसारख्या ताणणाऱ्या कापडात ते चालतं, सुती कापडात फ्री साइज म्हणजे मोठाच कपडा.

शिंप्याला काय जमतं

खांदा बसत असेल तर घ्या, नसेल तर ठेवून द्या. बाकी सगळं दुय्यम. बाजूची शिवण आत घेणं हे अर्ध्या तासाचं काम. 38 चा कुर्ता 34 करायचा असेल तर दोन्ही बाजूंनी पुढचं-मागचं कापड धरून एकेक इंच आत घेतलं की चार इंच जातात. खांदा मात्र साडेचौदाचा सव्वातेरा करायचा तर बाही उसवावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो, बाही परत बसवावी लागते. चांगला शिंपी त्याचे वेगळे पैसे घेईल, आणि घ्यावेत.

पुरुषांच्या शर्टाला पाठीत दोन टक्स मारून घेतले की फुगा बराच बसतो. जीन्सची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेतात. दोन इंचांपेक्षा जास्त घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि ते लगेच दिसतं. कुर्त्याला बाजूचे कट असतील तर शिवण त्यांच्यापर्यंत हळूहळू निमुळती उतरवायला सांगा, नाहीतर कटाच्या तोंडाशी चुणी पडते. आत घेतलेली माया कापू देऊ नका. लग्नानंतर, बाळंतपणानंतर किंवा नुसतं वय वाढलं तरी ती उसवून कामाला येते.

सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून आधी धुवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावा. फक्त ऑनलाइन मागवलेला असेल तर धुण्याआधी, टॅग न काढता, घालून हात वर करून, खाली बसून बघा. टॅग निघाला, पाणी लागलं किंवा शिवण हलली की तो परत जात नाही.