मुक्कामाची लहान गाडी : लांकडाची कीं लोखंडाची ?

मोटारीमागें जोडून न्यावयाची, आंत दोन माणसें निजूं शकतील अशी लहान गाडी घरींच बांधावयाची झाल्यास ती लांकडाची करावी कीं लोखंडाची, याविषयीं आमचें मत येथें देतों.

कोयनानगरास वर्षाकाठीं सुमारें ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चिपळुणाकडे जावयाचें तर कुंभार्ली घाट उतरावा लागतो. गाडी जड असल्यास उतारावर ती पुढील मोटारीस ढकलते. तेव्हां पाणी आणि वजन या दोहोंचा विचार आधीं करावा.

आपल्या जुन्या बैलगाडीचा साटा लांकडी, आरे लांकडी, पण चाकावर धाव लोखंडी. धाव तापवून चढवीत व पाणी ओतून आवळीत. सुतार-लोहारांची ही वांटणी येथेंही लागू पडते. खालचा सांगाडा लोखंडाचाच असावा. खड्ड्यांचे हिसके व जोडाचा ताण लांकडाच्या भोंकांपाशीं येऊन तें चिरतें. मात्र जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या जोडतांना सांध्याजवळचा मुलामा जळतो. तेथें जस्ताचा रंग दोनदां द्यावा व नळीच्या बुडाशीं पाणी निघण्यास भोंक ठेवावें, नाहीं तर ती आंतून गंजते.

वरचा पेटारा आम्ही प्लायवुडाचा पसंत करतों. चौरस मीटरास १२ मिलिमीटर प्लायवुड सुमारें ७ किलो भरतें, १.२ मिलिमीटर लोखंडी पत्रा साडेनऊ किलो, आणि दीड मिलिमीटर अॅल्युमिनियमचा पत्रा ४ किलो. अॅल्युमिनियम हलकें खरें, पण थंडींत उघड्या पत्र्यास आंतून घाम सुटतो व अंथरूण भिजतें. शिवाय तें ओल्या लोखंडास टेकल्यास झिजतें, म्हणून मध्यें रबराची पट्टी हवी. प्लायवुडाचा घात कापलेल्या कडांतून होतो. पाणी तेथूनच शिरतें. खिळ्यांचीं भोंकें व कडा तैलरंगानें तीनदां भराव्या. तें पाण्यांत न उकलणारें, म्हणजे आय. एस. ७१० छापाचें घ्यावें. स्वस्त तक्ता येथील एका पावसाळ्यांतच पापुद्रे सोडतो.

सागाच्या चौकटीचा मोह ज्यांस होईल त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, स्वतःच्या रानांतला सागही १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्यान्वयें परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. सातबारा सोबत घेऊनच अर्जास जावें. आमची उमर त्याच कागदांत गेली आहे. तसेंच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मागें जोडलेली गाडीही वाहनच ठरते. म्हणून सांगाड्यास हात घालण्यापूर्वीं नोंदणीसाठीं कोणतीं मापें लागतात तें परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.