सेल्फ घेत नाही

मृगाचा पाऊस पडून गेला की काळ्या जमिनीला वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात. पाय रुतत नाही आणि ढेकूळही कडक झालेलं नसतं, असा तो मोजका वेळ. पातूरच्या शिवारात नेमक्या त्या सकाळी एखाद्या गोठ्याशेजारच्या छपरात कुणीतरी चावी फिरवतं आणि ट्रॅक्टरमधून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. दुसऱ्यांदाही तेच. मग मिस्त्रीला फोन जातो.

“भाऊ, सेल्फच घेऊन नाही रायला.”

“लाइट लागते काय?”

“लागते नं.”

“मंग लाइट लावूनच सेल्फ मार अन् पाह्य काय होते ते.”

मला या संभाषणाचं मोल फार वाटतं. हजार रुपयांचं मीटर लागेल ती परीक्षा मिस्त्रीने फोनवरून, पाना न उचलता सुरू केलेली असते.

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट लागण्याआधी पातूर येतं. बाहेरगावच्या माणसाला ते टेकडीतल्या कोरीव लेण्यांमुळे ठाऊक असतं. इकडे कपाशी, सोयाबीन, तूर आणि पाण्याची सोय असेल तिथे संत्रा-लिंबाच्या बागा. त्यामुळे ट्रॅक्टरही दोन जातींचे दिसतात. नांगरटीला जुना दणकट गडी: महिंद्राचा बी-२७५, एचएमटीचा झेटर, मॅसी, स्वराज. बागेतल्या दोन ओळींमधून फिरायला मात्र मित्सुबिशी शक्तीसारखा लहानगा, साधारण १८ अश्वशक्तीचा. बी-२७५ची वंशावळ मला फार आवडते. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर १९६३ साली भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली, बी-२७५ तिथलाच. त्याच हार्वेस्टरने १९६१ साली तिकडे ‘कब कॅडेट’ नावाचा बागेतला चिमुकला ट्रॅक्टर आणला होता. तिथले शौकीन आज आपापल्या अंगणात त्या जुन्या कब कॅडेटच्या वायरी तपासत बसतात आणि पातूरचा मिस्त्री बी-२७५च्या. दोघांच्या हातात सापडणारा बिघाड बहुतेक वेळा एकच असतो.

तो सहसा सेल्फमध्ये, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरमध्ये, नसतोच. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत असतो. माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते सांगण्याची गरज पडते, कारण वाफसा निघून जाईल या धास्तीने माणूस आधी नवी बॅटरी आणतो, मग नवा सेल्फ बसवतो आणि हजारो रुपये घालून पुन्हा तोच ‘टक्’ ऐकतो.

जुन्या डिझेल ट्रॅक्टरला वीज लागते ती मुख्यतः इंजिनाला पहिला फेरा देण्यापुरती. डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटतं, ठिणगीने नाही. पंपही यांत्रिक. एकदा धडधड सुरू झाली की बॅटरी मेलेली असली तरी इंजिन चालत राहतं. म्हणून तर आपल्याकडे कमजोर बॅटरीचा ट्रॅक्टर रात्री उतारावर उभा करायची पद्धत पडली. पण तो पहिला फेरा जोरकस हवा. इंजिन रेंगाळत फिरलं तर सिलिंडरमधली हवा पुरेशी तापतच नाही. उलट सेल्फ झपाझप फिरतोय आणि तरीही इंजिन पेटत नाही, तर वायरिंगला हात लावूच नये. बहुधा डिझेलच्या लाइनीत हवा शिरलेली असते. ती काढायची.

आता लाइट लावून चावी फिरवू. लाइट विझायलाच आले तर बॅटरी रिकामी आहे, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा मळ बसला आहे. लाइट जराही हलले नाहीत आणि आवाजही नाही, तर सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फकडे वीज जोडणाऱ्या स्विचला, हुकूमच पोचलेला नाही. मग चावीचा स्विच, त्याची बारीक वायर, क्लच दाबल्यावर जोडला जाणारा सेफ्टी स्विच, असं मागे मागे जायचं. लाइट थोडे मंदावले आणि एकच दणकट ‘टक्’ आला, तर सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण त्याचे आतले तांब्याचे संपर्क जळाले असतील किंवा सेल्फचे कार्बन झिजले असतील. आणि ‘टक-टक-टक-टक’ अशी माळ लागली तर पुन्हा बॅटरीकडे किंवा तिच्या सांध्यांकडे वळायचं. सोलेनॉइडमध्ये तारेची दोन वेटोळी असतात: एक ओढणारं, एक धरून ठेवणारं. सेल्फने भार घेताच विजेचा दाब कोसळतो, धरणाऱ्या वेटोळ्याचा हात सुटतो, भार जाताच दाब परत येतो आणि पुन्हा ओढ सुरू होते. त्या माळेत ही सगळी झटापट ऐकू येते.

सांध्यावरचा मळ एवढा का नडतो? सेल्फ फिरताना काही शे अँपिअर खेचतो. ३०० अँपिअर धरा. सांध्यात ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. १२ व्होल्टांतले ३ गेले, शिवाय भाराखाली बॅटरीही खाली येते, मग सेल्फला उरतं काय? गंमत म्हणजे त्याच सांध्यातून हेडलाइटला लागणारे चार-पाच अँपिअर सहज जातात, लाइट लख्ख लागतात आणि मालक शपथेवर सांगतो की बॅटरी चांगली आहे. मीटर असेल तर बॅटरीच्या शिशाच्या घुंडीवर एक टोक, सेल्फच्या बोल्टवर दुसरं टोक ठेवून सेल्फ मारायचा. काटा अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर चोर त्या वाटेवर आहे. तीच परीक्षा अर्थिंगच्या बाजूने, इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून बॅटरीच्या दुसऱ्या घुंडीपर्यंत. ही बाजू लोक विसरतात.

आमच्या घरच्या ट्रॅक्टरने हे मला लहानपणी शिकवलं. दसऱ्याच्या पूजेसाठी त्याला नवा लाल रंग मारला होता. झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी तो उठेना. सेल्फ मारताना वडिलांनी थ्रॉटलच्या तारेला हात लावला तर ती चटका बसण्याइतकी गरम. अर्थिंगची पट्टी रंगाच्या थरावर आवळली गेली होती. बिचाऱ्या विजेला परतीची वाट मिळेना, म्हणून ती थ्रॉटलच्या बारीक तारेतून धावत होती. पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, लोखंड चमकलं, आणि पहिल्या चावीला इंजिन गरजलं. त्यानंतर मी कुठलाही रंगवलेला ट्रॅक्टर पाहिला की आधी त्याची अर्थिंग शोधतो.

कधी सेल्फ नुसता गरगरतो आणि इंजिन ढिम्म. इथे सेल्फचा गिअर अडकलेला असतो, नाहीतर फ्लायव्हीलच्या कड्याचे दात गेलेले. इंजिन बंद होताना दाबाला अडून दरवेळी जवळपास त्याच जागी थांबतं, त्यामुळे कडं सगळीकडून सारखं झिजत नाही, ठरावीक जागीच खाल्लं जातं. चावी बंद ठेवून, गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर वीतभर ढकलला की चांगले दात समोर येतात. त्या दिवसापुरतं काम भागतं.

बॅटरीचा आमच्याकडचा वैरी उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि बॅटरीतलं पाणी उडतं. पट्ट्या उघड्या पडल्या की तेवढा भाग मेला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावं. विहिरीचं नको, आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं तर मुळीच नको. त्यातले क्षार आत जाऊन बॅटरी पोखरतात. पूर्ण भरलेली बॅटरी आरामात साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ फिरत असताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये.

बॅटरी नवी असून चार दिवसांत बसत असेल तर डायनामो पाहावा. जुन्या गाड्यांवरचे डायनामो फार तर वीस-बावीस अँपिअर देणारे, तेही इंजिन जोरात असताना. रात्रीच्या नांगरटीसाठी ५५ वॅटचे चार दिवे लावले की १८ अँपिअर तिथेच गेले. वर गाण्यांचा सेट आणि दोन मोठे स्पीकर. बॅटरीच्या वाट्याला काही उरत नाही. शिवाय बराच काळ उभ्या राहिलेल्या डायनामोच्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व विझतं, आणि त्याच्याशिवाय तो वीज बनवायला सुरुवातच करू शकत नाही. मिस्त्री फील्डच्या टोकाला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते पुन्हा जागं करतो. इथे आधी बॅटरीचं कोणतं टोक अर्थला आहे ते पाहायला हवं. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या गाड्यांत अधिक टोक अर्थला असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सेल्फच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टाकून ट्रॅक्टर चालू करायची रीत गावोगाव आहे. तसं केलं की चावी आणि सेफ्टी स्विच दोन्ही ओलांडले जातात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन उठताच तो पुढे झेप घेतो, आणि पेचकस धरलेला माणूस मोठ्या चाकापुढेच उभा असतो. यात माणसं चिरडली गेली आहेत. चावीने चालू होत नाही तर बिघाड शोधावा, दुपार गेली तरी चालेल. बॅटरी सोडताना आधी अर्थची वायर काढावी आणि बॅटरीजवळ विडी पेटवू नये, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

बागेतल्या लहान ट्रॅक्टरांचं दुखणं हिवाळ्यात निघतं. त्यांच्या इंजिनात हीटर प्लग असतात. पौषातल्या गार पहाटे चावी अर्ध्यावर धरून त्यांना तापू द्यावं लागतं. त्यांतला एक जळाला तर इंजिन पांढरा धूर सोडत लंगडत उठतं, आणि लोक दोष पंपाला देतात. प्लगची वायर सोडायची, बॅटरीच्या अधिक टोकाला टेस्ट लॅम्पची एक वायर, दुसरी प्लगच्या डोक्याला. लॅम्प लागला तर सहसा प्लग जिवंत.

हा टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा एक बल्ब, हातभर दोन वायरी आणि एक क्लिप. मिस्त्रीच्या खिशात पेचकसाशेजारी तो गुंडाळून ठेवलेला असतो. फोन आला की मोटरसायकलला किक मारण्याआधी तो खिसा चाचपून पाहतो.