दमट हवेतलं अत्तर, पणतीच्या उजेडातला रंग

परफ्यूमच्या खोक्यावर 'दिवसभर दरवळ' असं लिहिलेलं असतं, पण तो दिवस कुठल्या गावातला हे लिहिलेलं नसतं. पनवेलमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर, मधे गाढी नदीचं खोरं. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते आणि पाऊस सरला की ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. दिवाळी नेमकी या सांध्यावर येते. पहाटे अभ्यंगाच्या वेळी हवेत जरा गारवा, अकरा वाजता फराळाची ताटं पोचवताना घाम, आणि संध्याकाळी पुन्हा चिकचिक.

मला सुगंधांचा आणि मेकअपचा मनापासून नाद आहे. नवी बाटली किंवा नवी लिपस्टिक हाती आली की ती लावून बघायची, तिचा फोटो काढायचा आणि सोबत तारीख, वेळ, हवा यांची नोंद ठेवायची, ही सवय लागली आहे. या नोंदींतून माझं एक मत पक्कं झालं आहे. युरोपातल्या शिशिरासाठी किंवा दिल्लीच्या कोरड्या थंडीसाठी दिलेला सल्ला कोकणपट्टीत जसाच्या तसा चालत नाही. आपली परीक्षा आपल्याच हवेत, आपल्याच त्वचेवर आणि आपल्याच उजेडात घ्यायला हवी.

परफ्यूम म्हणजे मुख्यतः अल्कोहोलमध्ये विरघळवलेली सुगंधी द्रव्यं. बाटलीवर 'ओ द ट्वालेत' असेल तर त्यांचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के, 'ओ द पार्फम' असेल तर १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. फवारल्यावर अल्कोहोल उडून जातं. मग लिंबू-संत्र्यासारखे हलके वास पहिल्या काही मिनिटांत पुढे येतात, त्यामागून फुलं आणि मसाले, आणि शेवटी लाकूड, राळ, कस्तुरीसारखे जड वास तासन् तास त्वचेला धरून राहतात. उष्णतेत हा सगळा प्रवास भराभर होतो, आणि दमट हवेत तोच वास नाकाला अधिक जाणवतो. म्हणून व्हॅनिला किंवा कॅरॅमलचा गोड परफ्यूम डिसेंबरात महाबळेश्वरला मोहक वाटतो, तर ऑक्टोबरच्या दुपारी पनवेल स्टेशनच्या पुलावर गुदमरवतो. या दिवसांत माझी पसंती वाळा, लिंबूवर्ग, हिरवी पानं आणि पांढऱ्या फुलांच्या हलक्या मिश्रणांना असते. ऊद आणि अंबर जानेवारीसाठी राखून ठेवावेत.

मॉलमधल्या काउंटरवर वास घेऊन तिथल्या तिथे बाटली विकत घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते. तिथली एसीची हवा आपल्या घरात नसते. आधी कागदी पट्टीवर घ्यावा, आवडला तर मनगटावर, आणि मग बाहेर पडून उन्हातून एक फेरी मारावी. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त वास घेतले की नाक थकतं. काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, पण त्या साध्या हवेपेक्षा जास्त उपयोगी पडत नाहीत. त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या खोबणीचा वास घ्यावा, नाकाला विसावा मिळतो. कोरड्या त्वचेवर सुगंध कमी टिकतो, तेव्हा आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावलं की तोच परफ्यूम जास्त वेळ राहतो.

सुगंधाचा विषय निघाला की बोलणं पॅरिस किंवा कन्नौजकडे जातं. पनवेलकराला तितकं लांब जायची गरज नाही. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही देशातल्या जुन्या आणि मोठ्या सुगंध-उत्पादकांपैकी एक. तिचा एक कारखाना आपल्या शेजारच्या पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यात आहे. साबण, डिटर्जंट, अगरबत्ती, केसांचं तेल यांत जो वास असतो तो असल्या कंपन्यांत घडतो, बाटलीवर नाव मात्र दुसऱ्याचं असतं. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्युमरी आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालतो. ज्या मुलामुलींना रसायनशास्त्र आवडतं आणि नाक तल्लख आहे, त्यांच्या आईवडिलांनी ही वाट जरूर बघावी. आणि खुद्द पनवेल गावात १८७२ पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे. मुळ्या, साली, फुलं आणि राळा यांची पारख या गावाला दीडशे वर्षांपासून आहे.

त्याहून जुनी गोष्ट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत सापडते. तिथले क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी तिथल्या हस्तलिखितांतून सुगंधशास्त्रावरचे दोन दुर्मीळ ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले. एक गंगाधराचा 'गंधसार', आणि दुसरा अज्ञात लेखकाचा 'गंधवाद'. या 'गंधवादा'वर मराठी टीका आहे! अत्तर कसं करावं हे मराठीत समजावून सांगणारा माणूस शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवी होती. १९८९ साली वडोदऱ्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने हे दोन्ही ग्रंथ एकत्र छापले. 'गंधसारा'त सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. पूड द्रवात भिजवणं, शिजवणं, वास जागा करणं, धुरी देणं, फुलांच्या सान्निध्यात ठेवून वास मुरवणं, असा हा सगळा खटाटोप. तिळांच्या थरांवर ताज्या फुलांचे थर देऊन, मग ते तीळ घाण्याला लावून फुलेल तेल काढायची रीत याच घराण्यातली.

त्याच्याही मागे, सहाव्या शतकात, वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' नावाचा एक अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० गट होतात, आणि त्या चारांचं प्रमाण बदलत गेलं की हा आकडा १,७४,७२० पर्यंत जातो, असं गणित त्याने मांडलं आहे. त्याचा एक चौकोन मी वहीत उतरवून ठेवला आहे. चार ओळी, चार स्तंभ, प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याचे भाग. पहिली ओळ २, ३, ५, ८. दुसरी ५, ८, २, ३. तिसरी ४, १, ७, ६. चौथी ७, ६, ४, १. आडवं मोजा, उभं मोजा, तिरकं मोजा, बेरीज १८ येते. म्हणजे कुठल्याही सरळ रेषेतली चार द्रव्यं घ्या, अठरा भागांचं मिश्रण तयार. आता त्या घरांतली नावं बघा. दगडफूल ८ भाग, नागरमोथा ८ भाग, चंदन ७ भाग, तमालपत्र ३ भाग, दालचिनी १ भाग. यातलं दगडफूल, तमालपत्र आणि दालचिनी आपण गोड्या मसाल्यात घालतो. दगडफुलाचाच एक युरोपी भाऊबंद, ओकच्या झाडावर वाढणारं शैवाक, १९१७ च्या, कोटी कंपनीच्या 'शिप्र' परफ्यूममध्ये होतं, आणि त्या एका परफ्यूमवरून सुगंधांचं एक अख्खं कुळ ओळखलं जाऊ लागलं.

नागरमोथा तर दर दिवाळीला आपल्या अंगाला लागतो. उटण्यात चंदन, वाळा, गव्हला कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल आणि मसुराचं पीठ असं काय काय असलं, तरी त्याला तो ओळखीचा, मातकट, किंचित धुरकट वास मुख्यतः नागरमोथा देतो. या मुळ्यांचं तेल 'सिप्रिओल' नावाने परदेशी परफ्यूमच्या कारखान्यांत जातं आणि महागड्या ऊदच्या मिश्रणांना खोली देतं. काष्ठौषधीच्या दुकानात मी तयार पूड मागितली की तिथले काका हमखास अडवतात. "ताई, अख्खा न्या, घरी कुटा. कुटून ठेवलेल्याचा वास निघून जातो." सांगणं अगदी खरं आहे. काळपट, गाठाळ, केसाळ मुळी खलबत्त्यात पहिल्यांदा फुटते तेव्हा ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा आणि जरासा मिरीचा असे तीन वास एकामागून एक येतात. परफ्यूमचं नाक तयार करायचं असेल तर दिवाळीच्या आधी एका दुपारी उटण्याचा एकेक जिन्नस वेगळा हुंगून बघावा. याहून स्वस्त आणि चांगली शिकवणी मला माहीत नाही.

आता फोटोंकडे. वास फोटोत येत नाही, म्हणून बाटलीच्या फोटोत त्याचा स्वभाव तरी दिसायला हवा. काचेची बाटली समोरून उजेड टाकून काढली की तिच्यात सगळी खोली दिसते, आपण आणि आपला फोनही. त्यामुळे उजेड मागून किंवा बाजूने घ्यावा. खिडकीला पांढरा पातळ पडदा, बाटली तिच्या पुढ्यात, समोरून सावली भरायला थर्माकोलचा तुकडा. बाटलीच्या कडा उठून दिसायला दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा केला की काम झालं. पाऊस नुकताच उघडला असेल आणि आभाळ पांढरं असेल, तर पनवेलच्या बाल्कनीतसुद्धा स्टुडिओसारखा मऊ उजेड मिळतो. ऑक्टोबरच्या भर दुपारी फोटो काढायला बसू नये, सावल्या कापल्यासारख्या पडतात.

मेकअपचा रंग दाखवायचा तर फोनमधलं सौंदर्य-फिल्टर आधी बंद करायचं. हाताच्या आतल्या बाजूला रंगाच्या रेघा ओढून, शेजारी पांढरा कागद धरून, उत्तरेकडच्या खिडकीत फोटो घ्यायचा. कागद फोटोत पांढरा दिसला तर रंगावर भरवसा ठेवता येतो. कुंकवाचा आणि गडद लाल लिपस्टिकचा रंग फोनला झेपत नाही, त्याचा सपाट लाल ठिपका होतो. एक्सपोजर थोडं उतरवलं की त्यातली छटा परत येते.

दिवाळीत मात्र आपल्याला कोणी खिडकीच्या उजेडात बघत नाही. दुपारच्या सूर्यप्रकाशाचं रंगतापमान सुमारे ५५०० केल्विन, तर ज्योतीचं १९०० च्या आसपास. ज्योतीच्या उजेडात निळा अंश जवळपास नसतो. त्यामुळे दुकानात सुंदर दिसलेली जांभळट, वांगी रंगाची लिपस्टिक पणत्यांपुढे तपकिरी, मलूल दिसते. विटकरी, डाळिंबी, शेंदरी, तांबूस आणि सोनेरी रंग मात्र उजळून निघतात. जुन्या बायका सणाला लाल-केशरी-हिरव्याच्या संगतीत सोनं का घालायच्या, हे समईपुढे उभं राहिलं की कळतं. लक्ष्मीपूजनासाठी रंग निवडायचा असेल तर ट्यूबलाइट बंद करून एक पणती लावावी आणि आरशात बघावं. फ्लॅशने कुटुंबाचा फोटो निघणार असेल तर सिलिका असलेली पांढरी पावडर टाळावी. झिंक किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीनही फ्लॅशमध्ये चेहरा राखाडी-पांढरा दाखवू शकतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे एक अडचण वेगळीच येते. तेल आणि उटणं झाल्यावर त्वचेवर तेलाचा अंश राहतो, त्यावर फाउंडेशन थापलं की तासाभरात ते नाकाच्या बाजूंनी फाटतं. स्नानानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा, टिशूने चेहरा टिपावा, आणि फाउंडेशनऐवजी फक्त लागेल तिथे कन्सीलर. काजळ न पसरणारं, गालाला क्रीमचा पातळ हात, वर अगदी थोडी पावडर. दमट हवेत थर जितके कमी तितका मेकअप जास्त टिकतो. चेहरा उटण्याने घासलेला असेल तर त्या दिवशी आम्लयुक्त सीरम नको, आग होते.

पैठणी आणि नथीच्या दिवशी क्रम महत्त्वाचा. मोत्यांना परफ्यूम सोसत नाही, त्यांची झळाळी मंदावते. म्हणून आधी सुगंध, मग मेकअप, आणि नथ, तन्मणी, कुड्या अगदी शेवटी. अत्तराचं तेल रेशमावर डाग पाडतं, तेव्हा ते कानामागे आणि मनगटावर, पदरावर कधीच नाही.

नवीन काहीही सणाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नये. कोपराच्या आत किंवा कानामागे थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. काउंटरवरची टेस्टर लिपस्टिक थेट ओठांना लावू नये, हाताच्या मागच्या बाजूवर बघावी. बर्गमॉटचं तेल असलेला सुगंध लावून त्वचा उन्हात राहिली तर काहींना काळे डाग पडतात, म्हणून दिवसा तो कपड्याने झाकलेल्या जागी लावलेला बरा. डबीवर उघड्या झाकणाच्या चित्रात '१२ एम' असं असतं, त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. आपल्या दमट घरांत मस्कारा आणि क्रीम त्याआधीच वास बदलतात, आणि वास बदलला की टाकून द्यावं. परफ्यूमची बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नये. ऊब आणि उजेडाने त्यातले हलके वास आधी मरतात. खोक्यासकट कपाटात ठेवली तर काही वर्षं नीट राहते.

आणि परफ्यूममधलं अल्कोहोल पेट घेतं, हे या चार दिवसांत ध्यानात असू द्यावं. फवारायचं ते पणत्या लावण्याआधी, आतल्या खोलीत. त्वचा आणि कपडे पूर्ण वाळले की मगच काडेपेटी हातात घ्यायची.