एक खोली, पाच कामं: घरकुलातली बाहेरची खोली कशी लावावी



मागं एकदा आमच्या गटाची बैठक एका मैत्रिणीच्या नव्या घरकुलात होती. आम्ही हौसेनं गेलो आणि दारातच अडकलो. बाहेरच्या खोलीत समोर मोठा सोफा, दोन्ही बाजूंना दोन खुर्च्या, मध्ये काचेचा टीपॉय. बसायला जागा पाचजणींची आणि आम्ही होतो बाराजणी. उरलेल्या साती जणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत दाटीवाटीनं बसलो. बैठक उरकली, चहा झाला आणि निघताना ती हळूच म्हणाली, "सासूबाई रात्री बाहेर पत्र्याखाली झोपतात. आत अंथरूण टाकायला जागाच राहिली नाही." सोफ्याचे सात हप्ते अजून फेडायचे होते.

आम्हाला वाईट वाटलं, पण तिला हसायची आमची हिंमत नव्हती. आमच्यातल्या निम्म्याजणींनी तेच केलेलं आहे. नवं घर झालं की सोफा पाहिजेच, असं आपल्या मनात बसलेलं असतं. म्हणून आज बोलू या छोट्या खोलीतल्या सामानाबद्दल. एकच वस्तू दोन-तीन कामांना कशी येईल आणि ती घेताना काय बघायचं, ते पाहू.

आधी जागा मोजा

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधलं घर स्वयंपाकाच्या जागेसकट कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असतं. त्यात बाहेरची खोली समजा १० फूट बाय १२ फूट निघाली, तर ती झाली १२० चौरस फूट. आता हिशेब करा. तिघांचा सोफा ६ फूट लांब आणि अडीच फूट रुंद, म्हणजे १५ चौरस फूट. दोन खुर्च्या मिळून साडेबारा. टीपॉय ५. त्यातच एक कॉट टाकली तर आणखी १८. पन्नास चौरस फूट गेले. दार उघडायला जागा लागते, आत स्वयंपाकघरात जायला दोन-अडीच फुटांची वाट लागते. मग माणसांनी राहायचं कुठं?

मग कामं लिहून काढा

ही खोली दिवसभरात काय काय करते? सकाळी पोरं इथंच दप्तर भरतात. दुपारी आपण धान्य निवडतो, शिवणाचं मशीन चालवतो. संध्याकाळी मुलगी अभ्यासाला बसते. पाहुणे येतात, गटाची बैठक होते. रात्री इथंच तीन अंथरुणं पडतात. वहीत ही कामं लिहा आणि प्रत्येकापुढं लिहा की ते रोजचं आहे, आठवड्याचं आहे की वर्षातून दोनदाचं. रोजच्या कामाला पहिली जागा द्यायची. पाहुणा वर्षातून चारदा येतो, म्हातारं माणूस रोज झोपतं.

खरं तर ही अक्कल आपल्याकडं जुनीच आहे. आपल्या आज्यांच्या घरात बाज दिवसा भिंतीला उभी असायची. पेटीत कपडे असायचे आणि तिच्यावरच बसायचं. चौरंग पूजेला, चौरंगच जेवायला. भिंतीत कोनाडे, वर माळा, दारामागं खुंटी. जमीन मोकळी आणि सामान भिंतीला, अशी ती रीत होती. दुकानात आज ज्याला 'मल्टिपर्पज फर्निचर' म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही.

रांगोळीनं खोली लावून बघा

विकत घ्यायच्या आधी एक सोपा प्रयोग करा. टेपनं माप घेऊन वस्तूचा चौकोन जमिनीवर खडूनं किंवा रांगोळीनं काढा. जी वस्तू उघडते, तिचा उघडल्यावरचा चौकोनही काढा. मग एक दिवस त्या रेघा न ओलांडता घरात वावरा. हंडा घेऊन आत जा, झाडून काढा, रात्री अंथरुणं टाका. जिथं जिथं रेघ पुसली जाईल, तिथं उद्या पायाला ठेच लागणार आहे, हे समजून घ्या.

काय काय घेता येईल

पहिला पेटीचा दिवाण. छोट्या खोलीत एकच मोठी वस्तू घ्यायची असेल तर आम्ही हीच घ्या म्हणू. दिवसा बैठक, रात्री एकाचं झोपणं, आत गोधड्या, चादरी, सणाची भांडी. माप ६ फूट बाय ३ फूट पुरतं. उंची गादीसकट १६ ते १८ इंच ठेवा. बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार बुटक्या दिवाणावरून उठवत नाही आणि फार उंच झाला तर पाय लोंबकळतात. वरचं झाकण एकसंध नको, दोन भागांत करा, म्हणजे एकटीला उचलता येतं. झाकण उघडं राहायला आधार हवाच, नाहीतर पोरांची बोटं सापडतात. झाकणाऐवजी खण हवे असतील तर पुढं दीड-दोन फूट मोकळी जागा लागेल, हे आधी बघा. बाजूला हवेसाठी भोकं ठेवा. पाय चार इंच तरी हवेत, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि जमिनीची ओल वर चढत नाही.

दुसरं भिंतीला मिटणारं टेबल. दोन फूट बाय दीड फुटाची फळी बिजागरीनं भिंतीला लावायची, खाली मिटणारा आधार. अभ्यास झाला की फळी खाली. खुर्चीवर बसून लिहायचं असेल तर उंची २८ ते ३० इंच. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर नुसती गुल्ली ठोकून भागत नाही. गवंड्याकडून त्या ठिकाणी सिमेंट भरून घ्या, मगच बोल्ट मारा. मुलं फळीवर रेलतातच.

तिसरा सोफा-कम-बेड. दिसायला छान, पण दुकानात आपल्या हातानं तीनदा उघडून मिटून बघा. रोज रात्री तो कोण ओढणार आहे? बहुतेक घरांत आपणच. जड असेल तर आठ दिवसांत तो कायमचा उघडा राहतो, नाहीतर कायमचा मिटलेला. म्हणजे दोन कामांचे पैसे देऊन काम एकच. पाहुण्यांपुरता लागणार असेल तर ठीक, रोजच्या झोपेला दिवाणच बरा.

चौथं, एकात एक बसणारी स्टुलं किंवा चौरंग. तीन स्टुलांची जागा एकाएवढीच. बैठकीला मात्र सतरंजीसारखं काही नाही. गटात दहा ते वीस बायका असतात. एवढ्या खुर्च्या कुठल्याच छोट्या घरात मावत नाहीत आणि मावायची गरजही नाही.

पाचवी भिंत. दाराच्या वर, छताखाली दीड फूट जागा रिकामी असते. तिथं फळी टाकली की वर्षातून दोनदा लागणारं सामान वर जातं. झोपणाऱ्याच्या डोक्यावर मात्र जड वस्तू ठेवू नका.

कशाचं करावं

घरकुलासाठी जुनं घर पाडतो तेव्हा तुळया, वासे, दारं निघतात. बरेचजण ती भंगाराच्या भावात देऊन टाकतात. देऊ नका. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, ते वाकत नाही. वाळवी लागलेली नाही ना एवढं बघा, खिळे काढा आणि सुताराला दाखवा. नवं लाकूड घ्यायचं तर बाभूळ मजबूत असते. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला कीड लवकर लागते. लाकूड कुठलंही असो, ओलं वापरू नका.

लोखंडाचा सांगाडा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून होतो. चौकोनी पाईपचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड, म्हणजे १८ पेक्षा १६ गेज जाड. रंगाच्या आधी रेड ऑक्साईडचा हात मारून घ्या. कोकणात, पावसाच्या भागात तर हे चुकवूच नका.

दुकानातलं चकचकीत स्वस्त सामान पुष्कळदा भुशाच्या दाबलेल्या फळीचं, म्हणजे पार्टिकल बोर्डचं असतं. पाणी लागलं की ते फुगतं आणि त्यात स्क्रू धरत नाही. मिटणाऱ्या-उघडणाऱ्या वस्तूचा सगळा भार बिजागरीच्या स्क्रूवर असतो, म्हणून तीच आधी निखळते. प्लायवूड घ्या. त्यावर आयएसआयचा शिक्का बघा. नेहमीच्या प्लायवर आयएस ३०३ असं लिहिलेलं असतं. ओल जास्त असेल तर आयएस ७१० चांगला, तो महाग असतो.

एक गोष्ट जिवावरची

दिवाणाच्या पेटीत जागा दिसली की आपण धान्याचं पोतं ठेवतो. धान्य ठेवा, पण त्यात किडीच्या गोळ्या टाकू नका. त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. बंद खोलीत त्यानं झोपलेल्या माणसांचा जीव जातो. ज्या खोलीत कुणी झोपतं, तिथं अशा गोळ्या घातलेलं धान्य कधीही ठेवायचं नाही, ना दिवाणात, ना कोपऱ्यातल्या कोठीत. कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरणं हाच घरातला सुरक्षित मार्ग.

पैशाचा हिशेब

समजा सामान २४,००० रुपयांचं आहे. दुकानदार म्हणतो, महिन्याला फक्त २,४०० भरा, बारा महिने. ऐकायला सोपं वाटतं. पण बारा हप्त्यांचे होतात २८,८००, म्हणजे ४,८०० रुपये जास्त. तेच २४,००० गटातून महिना दोन टक्क्यांनी घेतले आणि दर महिन्याला २,००० मुद्दल फेडलं, तर व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. वर्षाचं व्याज होतं ३,१२०. गटाचा दर एक टक्का असेल तर १,५६०. आणि हे व्याज गटातच, आपल्याच पेटीत राहतं. म्हणून 'हप्ता किती' एवढंच विचारू नका, 'सगळे मिळून किती' हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आणि सगळं एकदम घेऊ नका. आधी दिवाण, सहा महिन्यांनी टेबल. घरात राहायला लागल्यावरच कळतं की खरी अडचण कुठं आहे.

आमच्या मैत्रिणीचं काय झालं

तिनं सोफा निम्म्या किमतीत तालुक्याच्या गावी विकला. तोटा झालाच. पण घरामागं जुन्या घराच्या दोन तुळया पडून होत्या. त्या आणि चौकोनी पाईप वापरून एक दिवाण झाला, उरलेल्या फळीतून भिंतीचं टेबल निघालं. उंची ठरवताना सुतारानं सासूबाईंनाच बसवून माप घेतलं. आता त्या आत झोपतात. मुलगी दहावीला आहे, टेबलाची फळी रात्री अकरापर्यंत वर असते. आमची पुढची बैठक परत तिथंच झाली आणि बाराच्या बाराजणी एकाच खोलीत सतरंजीवर बसलो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल, तर पुढच्या बैठकीला टेप, खडू आणि वही घेऊन तिच्याकडं जा. दुकानात जायच्या आधी जा, म्हणजे झालं.