घर विकायचंय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

घर विकायचे ठरले, की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. 'आधी सगळं घर रंगवून घ्या,' असे नणंद सांगते. 'जुन्या लाद्या काढून नव्या बसवा, दोन लाख जास्त येतील,' असे शेजारी म्हणतात. कॉन्ट्रॅक्टर तर नव्या स्वयंपाकघराचा अंदाज कागदावर मांडून मोकळाही होतो. पण यातला कोणता खर्च किमतीतून परत मिळेल, हे सहसा कुणी सांगत नाही.

घराचा पैसा बहुतेक कुटुंबांत आधीच कशासाठी तरी राखून ठेवलेला असतो. मोठे घर, मुलांचे शिक्षण किंवा निवृत्तीनंतरचा आधार यांसाठी तो लागणार असतो. विक्रीपूर्वी केलेला अनाठायी खर्च याच पैशातून जातो. म्हणूनच हातोडा पडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

ग्राहक पैसे कशाचे देतो?

वस्ती, क्षेत्रफळ, इमारतीचे वय, पाणी, पार्किंग आणि स्वच्छ कागदपत्रे यांवरच घराचा भाव ठरतो. यातले काहीही नव्या लाद्यांनी बदलत नाही.

शिवाय बहुतेक ग्राहक कर्ज काढून घर घेतात. बँकेचा मूल्यांकनकार परिसरातला दर आणि इमारतीची अवस्था पाहतो. तुमच्या फर्निचरची हौस त्याच्या हिशेबात बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. बाकीची रक्कम ग्राहकाने स्वतः उभी करायची असते.

समजा, तुमच्या इमारतीत तशा फ्लॅटला ६० लाखांचा भाव आहे. तुम्ही ४ लाखांचे नवे स्वयंपाकघर केले आणि ६४ लाख मागितले. बँकेने मूल्य ६० लाखच धरले, तर वरचे ४ लाख ग्राहकाला खिशातून भरावे लागतील. इतके करून त्याच्या पत्नीला तुमच्या ओट्याचा रंगच आवडला नाही, तर?

आधी गळती, मग रंग

छतावरचा ओलीचा डाग पाहिला, की ग्राहकाच्या मनात शंका येते. समजा, दुरुस्तीला ३० हजार लागणार आहेत. ग्राहक मात्र किंमत दीड-दोन लाखांनी उतरवून मागतो, कारण आत काय दडले आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून गळतीवर केलेला खर्च बहुधा वाया जात नाही.

बाथरूमच्या लाद्यांचे सांधे, संडासाची पाइपलाइन आणि खिडक्यांच्या कडा आधी तपासून घ्या. फ्लॅटच्या आतल्या नळाची किंवा बाथरूमची गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. पण सामाईक गच्चीतून पावसाचे पाणी झिरपत असेल, तर महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार ती जबाबदारी सोसायटीची आहे. तिथे स्वतःचे पैसे घालण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्यावा.

डागावर नुसता रंग फासून घर विकण्याचा मोह मात्र टाळा. सहज न दिसणारा आणि स्वतःला ठाऊक असलेला मोठा दोष ग्राहकाला सांगणे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे. शिवाय पहिल्याच पावसात डाग पुन्हा वर येतो आणि भांडण दारात येते.

हे खर्च सार्थकी लागतात

• गळती थांबून भिंत पूर्ण वाळल्यावर फिकट, एकसारखा रंग द्यावा. महागडा रंग नको. स्वच्छ दिसला की पुरे.

• टपकणारे नळ, सैल बटणे, करकरणारी दारे, फुटलेल्या काचा आणि न लागणाऱ्या कड्या दुरुस्त कराव्यात. खर्च थोडा असतो, पण घराची निगा राखली आहे हे ग्राहकाला दिसते.

• जुना फ्यूज बोर्ड असेल, तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग व अर्थिंग तपासून एमसीबी बसवून घ्यावेत.

• चौकटींना वाळवी लागली असेल, तर औषधफवारणी करून पावती जपून ठेवावी.

• माळ्यावरची अडगळ काढून टाकावी. रिकामी खोली मोठी दिसते आणि रद्दीवाला उलट पैसे देऊन जातो!

इथे हात आखडता घ्या

मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, इटालियन संगमरवर, भिंतीत बसवलेली कपाटे आणि भडक वॉलपेपर ही सगळी स्वतःच्या राहण्याची हौस आहे. ग्राहकाची आवड वेगळी असली, तर तो हे सारे तोडण्याचा खर्चच तुमच्या किमतीतून वजा करील. वास्तुशास्त्राच्या नावाखाली दार हलवणे किंवा ओटा फिरवणे हेही ग्राहकावरच सोडावे.

बाल्कनी बंद करून खोली वाढवण्याचा किंवा भिंत पाडण्याचा विचार तर दूरच ठेवा. पालिकेच्या परवानगीविना केलेले बांधकाम मंजूर नकाशाशी जुळत नाही आणि ग्राहकाचे कर्ज तिथेच अडू शकते. त्यापेक्षा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला एका फाइलीत लावून ठेवा. या 'सुधारणे'ला फारसा पैसा लागत नाही, पण व्यवहार लवकर पुरा होतो.

बिले जपून ठेवा

दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेले घर विकल्यावर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर कर बसतो. वाढवलेल्या खोलीसारख्या कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च हा नफा मोजताना वजा करता येतो. रंगकाम व नेहमीची डागडुजी सहसा त्यात धरली जात नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सुधारणांचा खर्चही वजा होत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराबाबत भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाविना साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यांपैकी ज्यात कर कमी बसेल तो लाभ मिळतो. म्हणून चेकने पैसे द्या, पक्की बिले घ्या आणि सौदा ठरण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटला भेटा.

वेळ साधा

पावसाळा हा घराचा फुकटचा तपासनीस आहे. कुठे ओल येते हे त्याच दिवसांत टिपून ठेवा. पितृपक्षात आपल्याकडे घराचे सौदे कमी होतात. तो पंधरवडा दुरुस्तीला वापरता येतो. दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर ग्राहक बाहेर पडतात, तेव्हा घर तयार असलेले बरे.

शेवटी प्रत्येक खर्चापुढे तीन प्रश्न लिहा. हे काम न केल्यास ग्राहक बिचकेल का? केल्यास भाव खर्चापेक्षा जास्त वाढेल का? आणि हेच काम ग्राहकाला स्वतःच्या आवडीने करायला आवडेल का? पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर कारागीर बोलवा. फक्त तिसऱ्याचेच उत्तर 'हो' असेल, तर पैसे बँकेतच राहू द्या. नव्या घरात त्यांची गरज पडणारच आहे.