पारा 35, तरी जीव का घाबरा होतो?

कोकणपट्टीसाठी हवामान खात्याचा ‘उष्ण आणि दमट’ इशारा पुन्हा आला, आणि पुन्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: पारा कितीवर गेला? नागपूर-चंद्रपूरचे 45 अंश वाचून मुंबई-ठाण्यातला माणूस आपल्या 35 वर समाधान मानतो. हे समाधान फसवं आहे. काही दिवशी इथले 35 अंश तिथल्या 45 इतकेच जीवघेणे ठरू शकतात, आणि त्याचं कारण पाण्याच्या एका गुणधर्मात आहे.

पाण्याचं सूत्र शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, ते सोडू. इथे महत्त्वाची आहे ती पाण्याच्या रेणूंनी एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद. रेणूतल्या ऑक्सिजनकडे थोडा ऋण भार असतो आणि हायड्रोजनकडे थोडा धन, त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू वजनाने पाण्याच्या जवळपास दुप्पट, पण त्याच्यात अशी पकड नाही. तो उणे 60 अंशांनाच उकळून मोकळा होतो. पाण्याला त्यासाठी 100 अंश लागतात.

या पकडीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला 100 किलोकॅलरी पुरतात. तेवढाच घाम अंगावर वाळायचा तर सुमारे 580 किलोकॅलरी लागतात, आणि त्यातला मोठा वाटा तो आपल्या त्वचेतून घेतो. नुसत्या बसलेल्या माणसाचं शरीर ताशी साधारण 85 किलोकॅलरी उष्णता तयार करतं. तासाला दीडशे मिलिलिटर घाम वाळला की तेवढी उष्णता बाहेर पडते. मात्र तो वाळला पाहिजे. टपटप गळून जाणारा घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नेतच नाही.

हे सिद्ध करणारा सर्वात धाडसी प्रयोग 1774 मध्ये लंडनमध्ये झाला. जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरने एक खोली प्रचंड तापवली आणि चार्ल्स ब्लॅग्डेन आणि इतर काही जण आत गेले. तापमान सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, तरी ब्लॅग्डेन काही मिनिटं आत टिकून राहिला. त्याच हवेत ठेवलेली अंडी कडक उकडली गेली आणि मांसाचा तुकडा शिजून कोरडा पडला. तिथे ठेवलेलं उघडं पाणी मात्र उकळेना. वाफ होऊन जाता जाता ते स्वतःलाच थंड ठेवत होतं. मग त्यात थोडं तेल टाकलं. वर तवंग आला, वाफ अडली आणि पाणी उकळायला लागलं. फोर्डाइसने खोलीत मुद्दाम वाफ भरूनही प्रयोग केले होते, तेव्हा जेमतेम 50-55 अंशांतच अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या आणि तग धरणं कठीण झालं. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग मला कोकणातला उन्हाळा समजावून सांगायला आजही पुरेसा वाटतो. हवेतला दमटपणा आपल्या घामावर त्या तेलाचंच काम करतो.

हे मोजण्याचं साधन हवामान खात्याच्या प्रत्येक वेधशाळेत आहे. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी-शेजारी असतात. त्यातल्या एकाच्या फुग्याला मलमलीचं कापड गुंडाळलेलं असतं आणि त्याची वात खालच्या छोट्या बाटलीत सोडलेली असते. बाटलीत पाणी ऊर्ध्वपातित हवं, कारण साध्या पाण्यात विरघळलेले क्षार कापडावर साचतात आणि आकडा बिघडतो. ओल्या कापडावरून पाणी जितकं उडेल तितका तो पारा खाली राहतो. यालाच ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात.

आता हिशेब पाहा. नागपुरात 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला फुगा सुमारे 24 दाखवतो. मुंबईत 35 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर तो 29 वर राहतो. नागपुरात माठ गार होतो आणि वाळ्याचा कूलर चालतो, मुंबईत दोन्ही निकामी ठरतात, ते याचमुळे. स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्युबर यांनी 2010 मध्ये माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा ओल्या फुग्याच्या 35 अंशांवर ठेवली होती. पुढे 2022 मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात लॅरी केनी आणि सहकाऱ्यांनी तरुण, निरोगी माणसांवर चाचण्या केल्या. दमट हवेत 31 च्या आसपासच शरीराचं तापमान आवरेनासं झालं. कोरड्या, अतितप्त हवेत ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून विदर्भाचं ऊन सोपं असं कुणी समजू नये. तिथे घाम पुरा पडत नाही, इथे तो वाळत नाही.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लाखो माणसं भर उन्हात बसली होती. सरकारी आकड्यांनुसार 14 जणांचा बळी गेला. त्या दिवशी नवी मुंबईचं कमाल तापमान 38 अंशांच्या घरात होतं, ‘45’ नव्हे. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायचा निकष आजही कोरड्या पाऱ्याचा आहे: 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. खात्याने 2023 पासून प्रायोगिक उष्मा निर्देशांक द्यायला सुरुवात केली, ती स्वागतार्हच. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, आणि अरबी समुद्र तापतो आहे. प्रयोगातच अडकून राहण्याइतका वेळ आपल्याकडे नाही.

ओल्या फुग्याचा आकडा वेधशाळांत रोज नोंदला जातो, त्यासाठी नवा खर्च नको. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तो कमाल तापमानाशेजारी रोज द्यावा. आणि तो 28 च्या पुढे असेल त्या दुपारी सभा, मिरवणुका, स्लॅबची कामं आणि शाळेच्या मैदानी स्पर्धा संध्याकाळवर ढकला.